चावीमामी बाहेरची कशी?

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर माझं डोकं फुटेल. आमच्या बिल्डिंगचं मागचं छोटं गेट काल विटा रचून बंद केलं. का? तर म्हणे सिक्युरिटी! आणि त्या गेटच्या बरोब्बर समोर कोणाचं दुकान आहे? आमच्या चावीमामीचं. आता तिच्याकडे जायचं तर मेन रोडवरून अख्खा वळसा. कोण जाणारे पावाच्या लादीसाठी एवढं?

नवीन पनवेलात ज्यांचे आईबाबा दोघंही नोकरीला जायचे त्यांना मामी कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मामीच्या दुकानात पाव, अंडी, खडेमीठ, सुकट, आणि मागच्या भिंतीवर नुसते खिळे. प्रत्येक खिळ्यावर कोणाच्या तरी घराची चावी. सकाळी आई चावी टाकून स्टेशनकडे पळायची, दुपारी शाळेतून आम्ही यायचो. पण मामीने चावी कधी सरळ हातात दिली असेल तर शप्पथ. मुठीत धरून बसायची. "पयला तोंड दाखव." मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचं. "रडलीस ना? कोनी मारला? बस हितं. पाव खा, मंग चावी."

आणि त्या चाव्यांना वास! खिळ्यांच्या खालीच सुकटीची टोपली होती, त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगच्या चाव्यांना सुकटीचा वास यायचा. आई आमची चावी रोज साबणाने धुवायची. एकदा तिने दबकत सांगितलं, "मामी, टोपली जरा लांब ठेवता का?" मामी म्हणाली, "बाय, या वासाला चोर पन हात लावनार नाय."

आता खरी गंमत ऐका. एकदा माझा सख्खा मामा न सांगता साताऱ्याहून आला. घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, चावी दुकानात मिळेल. हा गेला, "मी त्यांचा भाऊ, चावी द्या." मामीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मिठाच्या गोणीवर बसवलं, चहा दिला, अंडापाव दिला. चावी नाही दिली. तो चिडला, आधार कार्ड काढलं. मामी म्हणाली, "फोटो झ्याक हाय. बस." आई ऑफिसमधून येईपर्यंत बिचारा मिठावर बसून होता, पँट मागून पांढरी! आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामी मात्र शांत. "उद्या खरा चोर आला तं तो काय चोर हाय सांगेल? तो पन भाऊच सांगेल ना." तेव्हापासून मामा आला की आमच्याआधी तिच्याकडे जातो, कंदी पेढे घेऊन.

ही सिक्युरिटी नाही तर काय होती? मला कोणीतरी सांगा! आणि आता गेटवर काय चालतं? पाठीला बॅग लावून कोणीही येतो, 'डिलिव्हरी' म्हणतो की वॉचमन दांडा वर करतो.

पण सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीकाकांचा मेसेज आला, 'कोणीही बाहेरच्या व्यक्तीकडे घराच्या चाव्या ठेवू नयेत.' बाहेरच्या! ज्यांची जुळी मुलं मामीच्या पायरीवर गृहपाठ करून मोठी झाली, ते काका लिहितात हे! अहो, ही बिल्डिंग जिथे उभी आहे ते मामीच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं. ती कधी तक्रारीने सांगायची नाही, नुसतं पत्ता सांगितल्यासारखं सांगायची, "तुमची लिफ्ट हाय ना, तितं आमची विहीर होती." मग बाहेरचं कोण? ती की आपण?

परवा मामी चाव्या परत द्यायला स्वतः आली. इस्त्रीचं पातळ नेसून, पिशवीत चाव्या घेऊन, पुढच्या गेटने. वॉचमनने अडवलं. "किसके पास जाना है?" मामी म्हणाली, "सगल्यांकडं." त्याच्या मोबाईलमधल्या यादीत 'सगळे' असा फ्लॅटच नाही! मी गॅलरीतून बघितलं आणि चप्पल न घालता खाली पळाले. तोपर्यंत ती तिथेच कठड्यावर बसली होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून चाव्या देत होती. लोक चावी घेत होते आणि मोबाईलमध्ये बघत निघून जात होते. मला बघून म्हणाली, "आलीस? तोंड दाखव." आणि तिने हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. मीच रडत होते ना.

घरी येऊन मी आईवर ओरडले, "मीटिंगमध्ये गेट बंद करायला कोणी कोणी हात वर केला?" आई भाजी चिरत होती. "सगळ्यांनीच केला गं."

"तू?"

सुरी थांबली. "मी एकटीने खाली ठेवून काय झालं असतं?"

मी दार आपटून आत गेले. काल सकाळी गवंडी विटा उतरवायला लागले, तेव्हा आई स्वतःच उठली, चावी घेतली आणि छोट्या गेटातून गेली. मी मागोमाग. आई म्हणाली, "मामी, ही राहू दे तुमच्याकडे. मी वळसा घालून येईन."

मामीने हात पुढे केलाच नाही. पदराला पुसत राहिली. "नको बाय. उद्या कोनाच्या घरातून काय गेला तं पयला नाव माजा निगेल." जिने आईच्या सख्ख्या भावाला मिठावर बसवलं, ती आता आमच्या चावीला घाबरते. हे केलं आपण.

चावी आता आमच्या दारामागे लटकतेय. आईने धुतली नाही. वास येतोय अजून.

तुमच्याकडे पण झालंय का असं? तुमची चावी जिने सांभाळली, तिला तुमच्या गेटवर 'कोणाकडे?' असं विचारलं का कोणी? आणि मीटिंगमध्ये तुमच्या घरातला हात वर होता की खाली? खरं सांगा.