भरल्या कपाळाची मनकर्णाबाई

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत मनकर्णाबाईइतकं ठसठशीत कुंकू दुसरं कुणी लावत नव्हतं. सकाळी खानावळीत पोळ्या लाटायला निघाली की आधी कपाळ दिसायचं, मग बाई. नवरा अरबस्तानात ड्रायव्हर आहे, असं तिनं खोली घेताना सांगितलं होतं आणि गल्लीनं ते मानलं. मानायला गल्लीचं काय जातं? उलट, नवरा परदेशी असून बाई कशी नेमानं राहते याचं कौतुकच झालं. श्रावणात सवाष्ण म्हणून जेवायला पहिलं बोलावणं तिला येऊ लागलं.

खरी गोष्ट अशी, की तिचा नवरा कडूबा जन्मठेपेवर तुरुंगात होता. पैठण रस्त्यावर बाजाराहून एकट्या परतणाऱ्या बायांना तो आपल्या टेम्पोत बसवून घ्यायचा आणि अंगावरच्या सोन्या-चांदीसाठी गळा दाबून नाल्यात टाकायचा. अशा चार बाया गेल्या. पेपरात त्याचा फोटो आला, आणि मनकर्णाबाई गाव सोडून शहरात आली. एवढं करूनही तो जिवंत होता, दोन वेळचं जेवत होता, म्हणून ही सवाष्ण. आपली रीतच अशी अजब आहे. नवरा कसा आहे हे ती विचारत नाही, आहे ना, एवढंच विचारते.

तर त्या कडूबावर पिक्चर निघाला. नाव बदललेलं, पण रस्ता तोच, टेम्पो तोच. शेजारच्या आवडाबाईनं मुलाकडून तिकिटं काढवली आणि मनकर्णाबाईला बोलवायला आली.

"चल गं. आपल्या इकडचीच खरी गोष्ट हाय म्हनं. लई भेव वाटतं म्हनत्यात."

"मला असलं नाय बघवत, आवडाबाई."

"आगं, मी हाय ना बाजूला. तू नाय आली तर मीबी नाय जायची."

आता नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण द्यायचं म्हणजे आणखी एक खोटं. मनकर्णाबाई गेली.

टॉकीजातल्या खुन्याचे डोळे लाल होते. तो हसला की वीज कडाडायची आणि बाया एकमेकींना धरायच्या. मनकर्णाबाईला त्याचं काही वाटलं नाही. कडूबाचे डोळे गरीब होते. जेवताना पहिला घास तो मांजरीला टाकायचा. पण एका ठिकाणी त्या नटानं मेलेल्या बाईची बाजाराची पिशवी उचलली आणि विहिरीत भिरकावली. तिथं मनकर्णाबाईनं मान खाली घातली.

कडूबानं पिशवी कधीच फेकली नव्हती. तो ती घरी आणायचा. वांगी, मिरच्या, गूळ आणि वर कागदाच्या पुडीत रेवड्या. घरात लेकरू नाही, तरी रेवड्या. "तुझ्यासाठी आनल्या," म्हणायचा. आपला नवरा स्वतः बाजार करून आणतो, याची मनकर्णाबाई शेजारणींपुढं फुशारकी मारायची. मेलेल्या बायांचा बाजार तिनं शिजवला होता, चवीनं खाल्ला होता. एकदा त्या पिशवीतून तान्ह्या लेकराचं पिवळं झबलं निघालं. लेकरू जन्माला यायच्या आधी घरात कपडा आणू नये, हे पुरुषाला कुठलं कळायला, म्हणून ती हसली.

"व्हईल की आपल्यालाबी," कडूबा म्हणाला. त्यावर ती आनंदानं रडली होती.

मग काही दिवसांनी हातपंपावर बाया बोलत होत्या. चितेगावकडची सखूबाई नातवाला झबलं आणायला बाजारात गेली, ती परत आलीच नाही. मनकर्णाबाईनं हंडा भरला, घरी आली, चूल पेटवली. झबलं ट्रंकेच्या तळाशी घातलं. कुणाला बोलली नाही, नवऱ्यालाही नाही. पुढच्या महिन्यात बाजाराहून परतताना बानाबाई गेली. तिनं तोंड उघडलं असतं तर बानाबाई वाचली असती. हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

पडद्यावरची बायको मात्र मोठी धीट निघाली. शर्टावर रक्ताचा डाग दिसताच ती थेट पोलीस ठाण्यात गेली, पायरीवरच पदरानं कुंकू पुसलं आणि मंगळसूत्र तोडून साहेबापुढं ठेवलं. टॉकीजात टाळ्या पडल्या.

"बरं केलं बाईनं," आवडाबाई डोळे पुसत म्हणाली. "असल्याच्या नावाचं कुकू लावण्यापरीस पांढरं कपाळ बरं."

मनकर्णाबाईनंही टाळ्या वाजवल्या. न वाजवून करते काय?

परतताना रिक्षात आवडाबाईनं तिचा हात हातात घेतला. "शुक्रवारी सूनबाईचं डोहाळजेवण हाय. पहिली ओटी तूच भरायची. दोन येळा टिकलं नाय पोरीला. आता तुझ्यासारख्या भरल्या कपाळाच्या बाईचा हात लागू दे."

मनकर्णाबाईचा त्या पोरीवर जीव होता. पोर रोज सकाळी "मावशी" म्हणून हाक मारायची, डोहाळे लागल्यापासून खानावळीतलं लोणचं मागून घ्यायची. आजाराचं सोंग केलं, तर आवडाबाई ओटी पुढं ढकलेल पण हात हाच मागेल. खरं सांगितलं, तर गल्लीची दारं बंद होतील आणि खोली जाईल. आणि गप्प राहिली, तर कडूबाच्या नावाचं कुंकू त्या पोरीच्या कपाळाला लागेल. एकदा गप्प राहून काय झालं होतं, ते तिला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी तिनं करंड्यात बोट घातलं आणि तसंच बाहेर काढलं. कपाळ धुतलं, बांगड्या उतरवल्या, उंबऱ्यात येऊन बसली.

"फोन आला," ती आवडाबाईला म्हणाली. "गेले. तिकडंच उरकलं समदं."

चार बाया कडूबानं मारल्या. त्याला मनकर्णाबाईनं नुसत्या तोंडानं मारला.

गल्ली धावून आली. कुणी चहा आणला, कुणी सतरंजी. पण मनकर्णाबाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. बाया कुजबुजू लागल्या. मयतावर बाई रडली नाही तर दुःख काळजात बसतं, बाई खुळी होते, म्हणून तिला रडवावंच लागतं. आवडाबाईनं तिला छातीशी धरून गदागदा हलवलं.

"रड गं माझे बाई. आता नाव नाय घ्यायचं कशापायी? नाव घेऊन रड."

मनकर्णाबाईनं तोंड उघडलं. खेड्यातल्या बाया काढतात तसा लांब हेल काढला, आणि तिच्या तोंडून नाव आलं ते बानाबाईचं.

"बानाबाई गं, बाजाराला गेलीस गं, घरी नाय आलीस गं..."

मग सखूबाईचं आलं. मग उरलेल्या दोघींचं. इतकी वर्षं कुणासमोर न उच्चारलेली ती नावं एकामागून एक बाहेर पडली आणि बाई उंबऱ्यावर कपाळ आपटून रडू लागली.

"कोन गं ह्या?" मागं बसलेल्या दगडाबाईनं हळूच विचारलं.

"सासवा-जावा असतील हिच्या," आवडाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "एकीचं दुःख निघालं की समद्यांचं निघतं."

तिनंही हेल काढला. दगडाबाईनं काढला. आणि मग गल्लीतल्या सगळ्या बाया मनकर्णाबाईभोवती बसून बानाबाईसाठी रडल्या.