सात अतिक्रमणं आणि एक विद्यार्थी

बनारसच्या रामघाटामागची आमची गल्ली गेल्या वर्षी तेरा इंचांनी अरुंद झाली. याचं सगळं श्रेय 'नगर व प्रादेशिक नियोजन' या विषयाला, म्हणजे तो ऑनलाइन शिकणाऱ्या मला जातं. (शुभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "विषयाला कशाला मध्ये ओढता!")

शिकायचं खूळ माझ्या डोक्यात तिनंच घातलं. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी घरी बसलो होतो आणि दिवसातून चार वेळा गल्लीला शिव्या देत होतो. समोरून सांड आला की आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, स्कूटर आली की कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरायचं, ही काय राहायची पद्धत आहे? एक दिवस शुभा म्हणाली, "अहो, रोज गल्लीला नावं ठेवता, एकदा शिकून तरी ठेवा!" ती थट्टा होती. पण बनारसमध्ये जन्मलेल्या बावन्न वर्षांच्या मराठी माणसाला थट्टा आणि आव्हान यातला फरक कळत नाही. आठवडाभरात मी एका दूरच्या विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा विद्यार्थी झालो. वर्गातली मुलं पडद्यावरून मला 'अंकल' म्हणायची आणि माझ्याच आवाजाचं बटण कसं बंद करायचं ते मला शिकवायची.

सगळं बरं चाललं होतं, पण शेवटच्या सत्रात प्रकल्प आला. आपल्याच वस्तीची पाहणी करायची आणि सुधारणेचा आराखडा द्यायचा. मी तो खुर्चीतून न उठता केला. संगणकावरच्या नकाशात आमची गल्ली चांगली ऐसपैस दिसत होती, म्हणून मी तिच्यात बस थांबा सुचवला! परीक्षक बाईंनी तो परत पाठवला. खाली लिहिलं होतं: प्रत्यक्ष मोजमाप करा. ही शेवटची संधी. गुरुवारी सकाळी अकराला तोंडी परीक्षा. म्हणजे यात गेलो असतो तर दोन वर्षं गंगेला मिळाली असती.

आणि लाज निराळीच. नाना, म्हणजे माझे वडील, वय वर्षं चौऱ्याऐंशी. उभं आयुष्य त्यांनी मुलांना वेद शिकवला. रामघाटापासून पंचगंगा घाटापर्यंत भेटेल त्या नावाड्याला ते सांगत सुटले होते, "हमारा बाळू परीक्षा दे रहा है!" मी नापास झालो असतो तर तेही नावाड्यांनीच मला सांगितलं असतं.

म्हणून रविवारी सकाळी मी टेप घेऊन गल्लीत उतरलो. आमच्या गल्लीच्या दगडावर खडू टिकत नाही. शुभानं तुळशीवृंदावनासाठी गेरू आणून ठेवला होता, तो कालवून घेतला. सात ठिकाणी गल्लीची रुंदी मोजली, ती सगळीकडे सारखीच भरली, आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीवर लालभडक अक्षरांत आकडा लिहिला: '५ फूट २ इंच'. आकडा नुसताच बोडका दिसत होता, म्हणून दोन्ही बाजूंना बाण काढले. सातवी खूण आमच्याच घराच्या भिंतीवर होती, कारण शास्त्रात आपपरभाव नसतो.

समोरच्या मिसिराइन चाची दारात मटार सोलत बसल्या होत्या.

"का हो बालू, ई का लिखत हउवा?"

"सर्वे है, चाची."

"काहे का सर्वे?"

"गली का विकास होगा!"

चाचींच्या हातातली शेंग हातातच राहिली. "हमरो घर में निसान लगी?"

"आपसे ही तो शुरुआत है," मी प्रेमानं म्हणालो. त्या पाणावल्या डोळ्यांनी आत गेल्या. मला वाटलं, शेजारच्या मुलाचं कौतुक आवरलं नाही बिचारीला!

आता हे मला कळायला हवं होतं. घराच्या भिंतीवर लाल खूण आणि बाण म्हणजे घर पडणार, हे आमच्या शहरात शाळेत न गेलेल्या पोरालासुद्धा माहीत आहे. दोन वर्षं नगर नियोजन शिकलेल्या माणसाला मात्र ते माहीत नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी खोलीत कोंडून घेऊन आराखडा काढत होतो. कानांवर हेडफोन, आणि हेडफोनमध्ये 'नियोजनातला लोकसहभाग' या विषयावरची बारा व्याख्यानं. अधूनमधून घंटा वाजल्यासारखं वाटायचं, पण घंटा वाजली नाही तर ते बनारस कसलं? शुभा शाळेत शिकवते. दुपारी घरी आली की ती माझ्यापुढे पेढा ठेवायची. "प्रसाद," एवढंच म्हणायची. मी खायचो. सोमवारी दोन पेढे आले, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. कशाचा प्रसाद हे काशीत कुणी विचारत नाही, सवडीनं कळतं.

गुरुवारी अकरा वाजता मी भाच्याच्या लग्नातला कोट घालून पडद्यासमोर बसलो. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "बालकृष्णजी, पिछली बार आपने गली में बस चलाई थी. इस बार फोन लेकर नीचे जाइए और नापकर दिखाइए."

माझा चेहरा खुलला. मोजमाप चोख होतं! एका हातात फोन, दुसऱ्या हातात टेप, अंगात कोट अशा थाटात, डोळे फोनवरच ठेवून, मी खाली उतरलो. (खाली पायजमाच होता, पण घाबरलेल्या माणसाचं लक्ष कोटाकडेच जातं.)

चाचींच्या भिंतीपाशी गेलो तर माझा आकडा गायब! त्या जागी एक नवाकोरा ओटा, ओट्यावर शेंदूर माखलेला मारुती, आणि मारुतीच्या डोक्यावर छोटं शिखर. मी फोन धरून टेप लावली.

"चार फूट एक इंच," बाईंनी पडद्यावरून वाचलं. "रिपोर्ट में तो पाँच फूट दो है."

"मॅडम, दूसरी जगह देखते हैं!"

दुसऱ्या खुणेवर शंकराची पिंडी होती. चार फूट एक. तिसरीवर देवी. चार फूट एक. सगळे ओटे एकाच मिस्त्रीनं एकाच मापात बांधलेले. असली शिस्त आमच्या गल्लीत मी जन्मात पाहिली नव्हती.

"आपने यह आँकड़े भी घर बैठे बनाए हैं?" बाईंचा आवाज कडक झाला.

"नाही, नाही मॅडम!" घाबरलो की मी मराठीवर येतो. "ये मंदिर रविवार को नहीं थे!"

हे ऐकून चाची बाहेर आल्या. मागोमाग अख्खी गल्ली. कोट, टेप आणि फोनमध्ये बसलेल्या मॅडम, एवढं पाहून त्यांनी ओळखायचं ते ओळखलं. चाचींनी फोनपुढे हात जोडले. "साहेब, ई मंदिर बहुत पुराना है! हमरे ससुर के जमाने का!"

"सीमेंट तो गीला लग रहा है," फोन म्हणाला.

"नहीं, सूखा है!" असं म्हणून चाचींनी पुराव्यासाठी माझा हात धरला आणि ओट्यावर दाबला. सकाळीच लावलेल्या गिलाव्यात चार बोटं आत गेली.

तेवढ्यात आमच्या दारातून सोवळं नेसलेले नाना बाहेर आले. मला हायसं वाटलं. नाना आयुष्यात खोटं बोललेले नाहीत.

"नाना, यांना सांगा! हे देव कधी बसले?"

नाना फोनकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "भगवान तो अनादि हैं."

"नाना!"

"ओरडतोस कशाला? प्राणप्रतिष्ठा मीच केली, सातांचीही. लोक रडत माझ्याकडे आले, सरकारी निशान लागलं म्हणून. घर पाडतात, देवाला हात नाही लावत."

"सातांची? सातवा कुठेय?"

नानांनी मागे बोट दाखवलं. आमच्याच भिंतीवर, माझ्याच गेरूच्या आकड्यावर, गणपती बसला होता.

"अहो, तो आकडा मी लिहिला होता! मला विचारायचं तरी!"

"तीन बार हाक मारली. तू दिनभर ते कानात घालून बसलेला. मला वाटलं, घर वाचवण्याचाच अभ्यास करतो आहेस."

मग मात्र माझा धीर सुटला. चार बोटं सिमेंटमध्ये, फोन डोक्यावर, अशा अवस्थेत मी भर गल्लीत ओरडलो, "मैं कोई अफसर नहीं हूँ! किसी का घर नहीं टूटेगा! मैं विद्यार्थी हूँ, और अभी फेल हो रहा हूँ!"

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता मार पडणार.

"फेल?" चाचींनी कपाळाला हात लावला. "ई उमिर में? हाय राम!"

घरं वाचल्याचा आनंद बाजूला ठेवून ती सगळी माणसं माझ्यासाठी हळहळायला लागली. खरं सांगतो, त्या क्षणी मला इतकी शरम वाटली की सिमेंटमध्ये बोटांऐवजी तोंड घालावं. तीन दिवस माझ्यामुळे ही माणसं अन्नावरची वासना उडून बसली होती, आणि मी त्यांचे पेढे खात होतो. पण चाचींनी फोन माझ्या हातून ओढूनच घेतला. "बहिनजी, पास कर दीजिए. लड़का सीधा है, बस तनिक बुद्धि कम है. इतवार को पाँच फूट दो ही था, हमरे सामने नापे रहा!" मागून सगळे ओरडले, "पाँच फूट दो!" मिस्त्री पुढे आला आणि त्यानं शपथेवर सांगितलं की प्रत्येक ओटा तेरा इंच आहे.

बाईंनी तिथल्या तिथे वजाबाकी केली. बरोबर आली. मग बाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या.

संध्याकाळी निकाल आला. काठावर पास! शेऱ्यात लिहिलं होतं: 'विद्यार्थ्याची मोजमापं अचूक आहेत. मात्र पाहणीमुळे पाहणीची जागाच बदलल्याचं हे आमच्या विभागातलं पहिलं उदाहरण. लोकसहभाग उत्तम.'

नानांनी ही बातमी घाटावर पोचवली. शुभाला म्हटलं, "तू तरी सांगायचंस!" तर म्हणे, "तुमच्याच खिडकीखाली वाळूचा ढीग होता. मला वाटलं, तुमच्याच आराखड्यात असेल."

गेरूचे उरलेले बाण दुसऱ्या दिवशी धुऊन टाकले. देव मात्र हलवता येईनात. नानांचं म्हणणं स्पष्ट होतं, एकदा प्रतिष्ठा झाली की झाली. राहता राहिला रोजच्या पूजेचा प्रश्न. गल्लीची बैठक आमच्याच ओट्यावर भरली. खुणा ज्यानं केल्या त्यानंच पूजा करावी, असं एकमतानं ठरलं. मी आतून हेडफोन काढून ऐकत होतो, तरी उपयोग झाला नाही.

प्रमाणपत्र आता बैठकीच्या खोलीत टांगलं आहे. त्याच्याखालून मी रोज सकाळी सोवळं नेसून निघतो, सात अतिक्रमणांना आंघोळ घालतो, फुलं वाहतो आणि शेवटच्या गणपतीपाशी पोट आत घेऊन आडवा होत घरात शिरतो. मागून चाची ओरडतात, "बालू, तनिक और सिकुड़ के! बाकी सब तो निकल जात हैं!"