मरळीच्या तोंडाचं माप

आमच्या बांगडीवाल्या भाऊंना बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही. बांगड्या भरतानासुद्धा ते उकिडवेच. डोळे मिटून, बोटांनी समोरच्या बाईचं मनगट चाचपत असतात, पण पाय मनातल्या मनात कुठंतरी निघालेले असतात. कामरगावच्या बाजाराला जीपनं जातील आणि मधेच उतरतील, कारण रस्त्याकडेला कोणीतरी विहिरीत वाकून पाहत होतं, आणि "काय पडलं ते पाह्यल्याबिगर पुढं कसं जाव?" शेजारीच माझं घर, तिथं चहा घेतात तो उंबऱ्यात उभ्यानं, कप त्यांच्या हातात आणि बशी माझ्या. या गावात सून म्हणून आले तेव्हापासून माझे हात त्यांनीच भरले, पण 'बसा हो भाऊ' एवढं माझं एक बोलणं त्यांनी कधी मानलं नाही.

अशा माणसानं मासा पाळावा, आणि तोही मरळ! ही मरळ खरं तर रश्शासाठी आणलेली. त्यांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, पिशवी देऊन बाजाराला पाठवलं, तर मासेवालीच्या घमेल्यात ही जिवंत. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते, तिची ती सवयच. पण भाऊंनी वाकून पाहायला आणि तिनं तोंड उघडायला एकच गाठ पडली. "ताई, मले काहीतरी सांगून राह्यली होती हो!" झालं. बादलीत घालून, जीपवाल्याच्या शिव्या खात, मरळ घरी आली. दुकानाचं जुनं काचेचं काउंटर होतं, त्याच्या फटी बुजवून मधल्या खोलीत तिचा संसार मांडला. ती उड्या मारते म्हणून वर झाकण हवं, तर भाभींचा पोळपाट नेला. तेव्हापासून त्या घरात पोळ्या उपड्या ताटावर लाटल्या जाऊ लागल्या आणि कधी गोल झाल्या नाहीत.

मरळ वाढली, मनगटाएवढी झाली. सोबतीला सोडलेले मासे तिनं नाश्त्यासारखे संपवले. तोवर भाऊंच्या मुलीचे दिवस भरत आले, पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी येणार. भाभी कंबरेवर हात ठेवून काचेसमोर उभ्या राहिल्या. "पोरगी येऊन राह्यली. जे जनावर शेजारी दुसरा जीव टिकू देत नाही, ते तान्ह्या लेकराच्या खोलीत नाही राह्यणार. दाखवा मले एक जीव हिच्यासंगं नांदलेला. नाही तं मी कढई काढते."

भाऊंचे आधीच न थांबणारे पाय आता पळू लागले. पोरगी यायच्या आत सोबती नाही मिळाला तर मरळ कढईत, एवढाच विचार डोक्यात. माझ्या उंबऱ्यात येऊन म्हणाले, "ताई, पाण्यातले सारे तिले खाऊ वाटतात. जमिनीवरचं स्थळ पाहा लागते." काउंटरच्या एका अंगाला विटा रचल्या, माती टाकली, वर पुदिना लावला. अर्धं पाणी, अर्धं अंगण. आणि लग्नाच्या मुलीचा बाप फिरतो तसे फिरू लागले. शेतातून खेकडा आणला. घर चांगलं, तब्येत चांगली, पण स्वभाव तापट. त्यानं पहिल्या दिवशी मरळीच्या शेपटीत नांगी रोवली आणि सायंकाळच्या आत परत बांधावर गेला. कुंपणावरचा सरडा आणला, त्याला फांदीवर बसवलं. मरळीनं पाण्यातून अशी उडी घेतली की फांदी तेवढी हलत राहिली. कोणीतरी कासव सुचवलं, तर म्हणाले, "त्याले घरी ठेवणं गुन्हा हाय, उगाच वरातीत पोलीस." भाभींनी आपली कोंबडी पिलांसकट माझ्याकडे आणून ठेवली. "इथंच राहू द्या. या माणसाचा काही भरोसा नाही."

मग एक दिवस भाऊ कप हातात न घेताच ओरडले, "सापडलं! जे तोंडात मावत नाही ते खाऊ शकत नाही!" आणि बांगडीचा डबा घेऊन बसले, म्हणजे उकिडवेच. मरळ हवा घ्यायला वर आली की तोंडापुढं एक-एक बांगडी धरून पाहायची. सव्वादोनच्या मापाची मोठी ठरली, दोनची बरोबर बसली. आता दोनच्या बांगडीतून न जाणारा प्राणी हवा. नाल्यावरून चांगला गुबगुबीत हिरवा बेडूक आणला, बांगडी त्याच्या डोक्यावर ठेवून मला दाखवली. "पाहा ताई, जातच नाही." बेडूक पुदिन्यात ठेवला. मी चहा गाळून आणला तोवर पुदिन्यात बेडूक नव्हता आणि मरळीच्या तोंडातून एक पाय हलत होता.

भाभींनी कपाळाला हात लावला. "सारी जिंदगी अडीचचे हात दाबून-दाबून सव्वादोनच्या बांगडीत घातले तुमी. बेडूक हाताहून नरम असते, हे कायले नाही समजलं तुमाले?"

भाऊंनी बांगडी डब्यात परत टाकली. पण पाय थांबले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच मोरीतला बेडूक मागून नेला. मातकट, पाठीवर फोडाफोडांचा, वर्षानुवर्षं माझ्या घंगाळामागे राहणारा. मरळीनं त्यालाही तोंडात घेतलं आणि कडू काढा थुंकावा तसं थुंकून टाकलं! तो आपला पुदिन्यात जाऊन बसला, अंग फुगवून. मरळ त्याच्याकडे बघेना, तो मरळीकडे बघेना. "नांदले!" भाऊंनी गल्लीभर साखर वाटली. भाभीसुद्धा पदराआड हसल्या आणि कढई वरच्या फळीवर गेली.

मुलगी यायच्या आदल्या सकाळी पोळपाट सरकलेला, पुदिना मोडलेला आणि बेडूक नाही. मी मोरीत पाहिलं, तर घंगाळामागे आपल्या जागी. भाऊ उंबऱ्यात उभे. भाभी त्यांच्या मागून म्हणाल्या, "मरळीले चालते का, एवढंच पाह्यत राह्यले तुमी. त्या बेडकाले कोणी इचारलं होतं?"

भाऊ उंबऱ्यातूनच वळले. घरी गेले, बादली भरली, मरळीला घेतलं आणि जीपची वाट न पाहता चालतच गावाबाहेरच्या तलावावर निघाले. दुपारी परतले ते रिकाम्या बादलीनं. मला वाटलं, भाभींना बरं वाटेल. तर त्या अशा कडाडल्या, की माझ्या अंगणातली कोंबडी उडाली. "मी कढई म्हटलं अन् तुमी खरंच नेली? कढई वर ठेवली होती, दिसली नाही तुमाले? रोज पीठ मळताना एक गोळी तिच्यासाठी कोण ठेवत होतं मंग?" एवढ्या दिवसांत भाऊंना ही गोष्ट कळलीच नव्हती.

आता नात झाली आहे. काउंटर काचा पुसून दुकानात परत गेलं, त्यात तिच्यासाठी बारकुशा काळ्या बांगड्या मांडून ठेवल्यात. पोळपाट स्वयंपाकघरात परत आला, तरी भाभी म्हणतात, "वर उडी मारल्याचा आवाज नाही येत हो ताई, पोळी लाटायची इच्छाच नाही होत." दोघं सायंकाळी नातीला घेऊन तलावावर जातात, परवा मलाही नेलं. भाभींनी पदरातून पिठाच्या गोळ्या काढल्या. नात भाऊंच्या मांडीवर झोपली होती, म्हणून ते बसले होते. अगदी मांडी घालून, टाचा जमिनीवर. मी पाहतच राहिले. तेवढ्यात दूर, पाण्यात कोणीतरी तोंड काढून हवा घेतली. भाऊंचं अंग उठायला निघालं, नातीनं झोपेत बोट धरलं, आणि ते तसेच बसून राहिले.

"तीच असंल का हो?" भाभींनी विचारलं.

"तीच," भाऊ हळूच म्हणाले.