खंडेनवमीला घासलेली रायफल

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. कुणी वाचलंच तर समजून घ्या. नलूला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, जाऊन पाच आठवडे झाले. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी तिच्याच आवडीची चिंचगुळाची आमटी करत होते...

इथे अमेरिकेत, शुगर लँडला आम्ही दोघी एकाच घरात. ती शिकलेली, नोकरी करणारी, गाडी चालवणारी. मी घरात. शेजारी वॉल्टर नावाचे म्हातारे एकटेच राहायचे. सात वर्षं दर शुक्रवारी मी त्यांना वरणभाताचा डबा दिला. मला इंग्रजी येईना, म्हणून कुंपणापाशी डबा ठेवून परत फिरायची. नलू मात्र त्यांच्याजवळ बसून लढाईच्या गोष्टी ऐकायची. ते वारले, आणि लढाईवरून आणलेली जुनी रायफल त्यांनी मृत्युपत्रात नलूला ठेवलेली निघाली. मला माझे दोन डबे परत मिळाले, स्वच्छ धुतलेले. फार जीव जळला माझा.

खंडेनवमीला आपल्यात शस्त्रांची पूजा असते. नलू कामावर गेली होती. रायफल काळवंडलेली दिसली, म्हणून मी लोखंड चिंचेनं घासलं, लाकडाला पॉलिशपेपर मारला. पूजा हे निमित्त. हात दुखेपर्यंत घासत होते तो राग होता. संध्याकाळी नलू हसली, "अहो वहिनी, पातेल्यासारखी लख्ख केलीत की!"

घरात बंदूक नको, म्हणून ती विकायची ठरली. दुकानदारानं भिंगातून एकेक भाग पाहिला. नलू मला मराठीत सांगत होती... जर्मन सैनिकाची आहे, सगळ्या भागांवर एकच नंबर, म्हणजे काहीच बदललेलं नाही, अशी क्वचित मिळते. मग त्यानं लाकडावरून बोट फिरवलं. कारखान्याचे शिक्के गेले होते, लोखंडाचा मूळचा काळसर रंगही गेला होता. होती तशी राहिली असती तर सहाशे डॉलर, आता दोनशे. "कुणी केलं हे?" त्यानं विचारलं. तेवढं इंग्रजी मला कळलं.

"मीच," नलू म्हणाली.

मोठेपणाही तिनंच घेतला. गाडीत मी म्हटलं, "चारशे डॉलर मी भरून देईन."

"वहिनी, कॅन्सल करा तो विषय."

"घेतले नाहीस तर तुझ्याशी बोलणार नाही."

"तशाही कुठे बोलता?"

पण घेतले तिनं. मी ब्लाउज शिवून वीस-वीस डॉलर द्यायची, ती दोन्ही हातांनी घ्यायची. चाळीस राहिले आणि ती गेली. शेवटची नोट तिच्या हातावर ठेवून तिच्या तोंडाकडे बघायचं होतं मला. त्यासाठी दोन वर्षं मशीन चालवलं. तेवढंही मिळू दिलं नाही तिनं.

भेटायला येणारे सगळे तिचं मन किती मोठं ते सांगतात. दुकानातली गोष्ट मी कुणाला सांगत नाही. सांगितली तर आणखी तिचंच कौतुक होईल.

काल तिच्या मुलीच्या, केतकीच्या हातात चाळीस डॉलर ठेवले. "नो, मोठी काकू, राहू दे ना," ती रडायला लागली.

"मोजून घे," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसून दोन्ही नोटा मोजल्या. चारशे पुरे झाले. आता माझ्याकडे नलूचं काही निघत नाही.