बायकांच्या बाजूचं हसणं

लग्न होऊन अमरावतीला आले आणि वकिलाचं घर वाट्याला आलं, म्हणजे चूलच वाट्याला आली. तारखेच्या दिवशी भातकुलीचे, चांदूरचे पक्षकार यायचे ते कोर्टात जाण्याआधी आमच्याकडे जेवूनच. कोण आलं, किती आले, हे मला कोणी सांगत नसे. दारात सावली पडली की मी मान वर न करता ताट वाढायची. सासूबाईंना त्याचं भारी कौतुक. माझं मात्र कंबरडं मोडलं होतं. स्वयंपाकाला एक बाई ठेवा, एवढंच मला ह्यांना सांगायचं होतं. पण दिवसा घर माणसांनी भरलेलं, आणि रात्री पाठ टेकली की मला झोप लागायची.

म्हणून एका रविवारी हे दुपारच्या खेळाला चल म्हणाले, तेव्हा मी लगेच निघाले. सिनेमाचं मला काही नव्हतं. परतीची वाट तेवढी आमची दोघांची असणार होती.

सिनेमा इंग्रजी. मंगळावरचे लोक तबकडीतून एका लहानशा गावात उतरतात आणि गाव ताब्यात घेतात. घाबरावंही आणि हसावंही, असा सगळा बेत. मधे कनात लावून बायकांची बाजू वेगळी केलेली. हे पलीकडे, पुरुषांत. भाषा आम्हा बायकांना कळत नव्हती, पण ते सोंडवाले मंगळकर पाहून पोरं आयांच्या पदरात शिरली. माझे तर डोळे मिटत होते.

तेवढ्यात एक मंगळकर कुणाच्याशा स्वयंपाकघरात शिरला. घरची बाई पाठमोरी उभी राहून काहीतरी परतत होती. तिनं वळूनसुद्धा न पाहता त्याच्या हातात बशी दिली आणि वर वाढलंही. तो बापडा बशी धरून उभाच! मला जे हसू फुटलं ते आवरेना. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय झालं वं माय तुले?" पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी मी हसतच होते. शेवटी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते काही हसण्याचं नव्हतं.

परतताना हे खुशीत होते. "बायकांत कोण हसून राहिली होती, ऐकलं तू? काय मोकळं हसणं! सुखाच्या घरची असली पाहिजे."

"मीच होते ती."

"काही तरी सांगू नको. तुझं हसणं मले ओळखू नाही येणार?"

हे चेष्टा करत नव्हते. इतक्या वर्षांत ह्यांनी माझं हसणं ऐकलंच नव्हतं. वाईट वाटलं, रागही आला, पण भांडायला लागतं तेवढं बळ अंगात नव्हतं. मी रस्त्यातच थांबले आणि सांगून टाकलं : मी थकले, आता माझ्यानं होत नाही, स्वयंपाकाला बाई ठेवा.

हेही थांबले. मग अगदी खऱ्या काळजीनं म्हणाले, "ठेवू ना. पण आधी काहून नाही सांगितलं?"

मी चालायला लागले. त्याचं उत्तर द्यायचंही माझ्या जिवावर आलं होतं.