पेशकारांची किळस

पेशकार वर्तमानपत्र दोन बोटांत धरून वाचत. मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावी, तसं. नाक आक्रसलेलं, खालचा ओठ लोंबलेला, आणि दर चार ओळींनंतर एकच शब्द, "किळस." पुढाऱ्याचं पोकळ भाषण वाचलं की किळस, बातमीतलं मराठी चुकलं की किळस, कुणी पान उलटताना बोटाला थुंकी लावली की त्या दिवशीचं ते पान त्यांच्यासाठी संपलंच. परंड्यात तेव्हा त्यांच्याइतकं वाचलेलं कुणी नव्हतं आणि त्यांच्याइतकं विटलेलंही कुणी नव्हतं.

निजामाच्या अमदानीत ते परंड्याच्याच तहसिलीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे अंमलदार. विलीनीकरण झालं, उर्दू दफ्तर गेलं, हुद्द्यांची नावं बदलली आणि पेशकार वेळेआधीच पेन्शनीत निघाले. गावासाठी मात्र ते मरेपर्यंत पेशकारच राहिले. नवीन राज्यात नोकऱ्या निघत होत्या, त्यांना परीक्षा होत्या, आणि त्या परीक्षांत सामान्य ज्ञान नावाचा एक पेपर असे. आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या पोरांना तो पेपर म्हणजे आंधळी विहीर वाटे. पेशकार रोज सकाळी आठ ते दहा वाचनालयात बसून आम्हाला तो फुकट शिकवत. कुर्डुवाडीच्या गाडीनं आदल्या दिवशी आलेले पेपर पुढ्यात असत आणि हातात लाल पेन्सिल.

पाठांतराचा त्यांना भारी तिटकारा. आम्ही सोलापुरातून प्रश्नोत्तरांची पुस्तकं मागवत असू. ती दिसली की ते तोंड फिरवत. "हे दुसऱ्यानं चावून थुंकलेलं आहे," ते म्हणत. "खायचं तर खा, पण माझ्यासमोर नको." एकदा मी भाक्रा धरण सतलजेवर आहे असं ऐटीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि आपली सीना कुठून येते?" मी वही चाळू लागलो. जन्मभर सीनेत पोहलेला मी. "सतलज मालूम आहे, सीना मालूम नाही," ते म्हणाले, "असल्या ज्ञानाची मला किळस येते." त्यांची तरी चूक काय? आम्ही हैदराबाद राज्याचे मंत्री, खाती, जिल्हे सगळं घोकलं होतं, आणि परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत ते राज्यच उरलं नव्हतं. आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. नवीन नावं घोकायला लागलो.

स्वच्छतेच्या बाबतीत ते पराकोटीचे होते. बसण्याआधी खुर्ची स्वतःच्या पंच्यानं पुसत. घरून तांब्याभर पाणी फडक्यानं झाकून आणत आणि दुसरं पाणी ओठाला लावत नसत. ते आणि मी दोघंही सोवळ्या घरांतले, त्यामुळं मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. उलट मोठ्या माणसाला हे शोभून दिसतं असं मला वाटे. आज त्या वाटण्याचीच शिसारी येते.

तिसऱ्या महिन्यात किसन आला. सीनेकाठच्या एका गावातला, तीन कोस चालत येणारा, धाराशिवच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेला. तेव्हाच्या बोलण्यात ज्याला महारवाडा म्हणत, तिथला. तो आला आणि न सांगता दाराच्या उंबऱ्याशी बसला. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही. मीही नाही. पेशकारांनी त्याला संयुक्त राष्ट्रसंघाबद्दल काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं, मग स्वतःच म्हणाला, "पर साहेब, ही मोठी राष्ट्रं नकार देऊ शकत्यात, तर मग मताला काय अर्थ राहिला? हे मला उमगत न्हाय." पेशकारांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची ती नेहमीची सुरकुती मी पहिल्यांदा गेलेली पाहिली. "हे पोरगं वाचतंय," ते आमच्याकडं वळून म्हणाले. "तुम्ही नुसते चघळता."

तरी किसन बसायचा उंबऱ्याशीच. पेपर सगळ्यांचे वाचून झाले की पेशकार ते दाराजवळच्या फळीवर ठेवत, आणि तिथून तो उचले. हातात देत नसत. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, त्यावर पितळी पेला. किसनला तहान लागली की शिपाई वरून पाणी ओतायचा आणि तो ओंजळीनं प्यायचा. हे सगळं रोज आमच्या डोळ्यांसमोर चालायचं आणि आम्ही तिथंच बसून जगाची माहिती मिळवायचो.

एक दिवस नवे कायदे शिकायचे होते. अस्पृश्यतेचा कायदा नुकताच झालेला, तो हमखास विचारतील असं सगळे म्हणत. पेशकारांनी मला उभं केलं. मी घडाघडा म्हटला: सार्वजनिक जागी अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक शब्द चुकला नाही. मी खाली बसलो.

उंबऱ्यावरून किसन म्हणाला, "पेशकारसाहेब, एक विचारू का? त्या माठाला हा कायदा लागू हाय का?"

त्याच्या आवाजात खोच नव्हती. शंका विचारायचा त्याचा तोच नेहमीचा स्वर होता. पेशकारांनी माठाकडं पाहिलं.

"लागू आहे," ते म्हणाले.

"मग मी घेऊ पाणी?"

"घे."

किसन उठला, आत आला, माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्यानंच प्याला. पेला माठावर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसला. आम्ही पाच-सहा जण होतो. सगळे त्या पेल्याकडं बघत होतो. शिपायानं तोंड दुसरीकडं केलं. तेव्हा पेशकार उठले. आपला तांब्या बाजूला सारून ते माठापाशी गेले. "बघा," ते आम्हाला म्हणाले, "यात काहीसुद्धा नाही." त्यांनी तोच पेला भरला आणि ओठाला लावला.

पाणी तोंडात गेलं. पण ते त्यांना गिळता येईना. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. ते धावत बाहेर गेले आणि पायऱ्यांवर ओकले. सकाळचं पोह्यांसकट सगळं बाहेर पडलं.

किसन उंबऱ्यावरच होता. त्याच्यापासून दोन हातांवर हे झालं. त्यानं आपली वही उचलली. "साहेब, बसा तुम्ही," तो म्हणाला. "दोष तुमचा नसंल. पर माझा बी न्हाय." आणि तो गेला.

दुपारी वाचनालयाचे चिटणीस आले. कापडाचे व्यापारी, गावातले वजनदार. त्यांना सगळं कळलं होतं. शिपाई जेवायला गेला होता. मी एकटाच वाचत बसलो होतो. "तो माठ मागं नेऊन फोडून टाक," ते मला म्हणाले. "नवा आणवतो." सहा महिने कैद, पाचशे रुपये दंड मला अजून तोंडपाठ होतं. मी माठ उचलला, मागच्या भिंतीशी नेला आणि फोडला. पेला राखेनं घासला. नंतर स्वतःचे हातही धुतले. ते मी कुणी न सांगता धुतले.

दुसऱ्या दिवशी पेशकार रिकाम्या हातानं आले. तांब्या नव्हता. एका रात्रीत गालफडं बसली होती. त्यांनी नवा माठ पाहिला. "जुना कुठंय?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी आजवर विसरलो नाही. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकाकडं ते असंच बघत. पण शिव्या त्यांनी मला घातल्या नाहीत. "काल माझ्या डोक्यानं कायदा मंजूर केला आणि पोटानं फेकून दिला," ते म्हणाले. "रात्रभर मला माझीच घाण येत होती. तू तर हातानं केलंस. चल ऊठ. त्याच्याकडं जायचंय."

तीन कोस ते माझ्या चार पावलं पुढं चालत होते. किसनच्या घरासमोर गावातली चार माणसं लांबून बघत उभी राहिली. किसन बाहेर आला, त्यानं घोंगडी टाकली. पेशकार म्हणाले, "किसन, उद्यापासून ये. आत बसायचं, माझ्या शेजारी."

"मी तिथं येणार न्हाय साहेब," किसन म्हणाला. "मला पेपर लागत्यात, वाचनालय लागत न्हाय. शिळे दिले तरी चालतील."

"मग मी आणून देईन."

तेवढ्यात त्याची आई तांब्या घेऊन दाराशी आली आणि तिथंच थबकली. पेशकारांनी हात पुढं केला. "नगं मालक," ती म्हणाली, "उगं तरास कशाला करून घेताय?"

"द्या," ते म्हणाले.

त्यांनी पाणी तोंडात घेतलं. गळ्याचं हाडूक दोनदा वर गेलं, खाली आलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते गिळलं. पुन्हा एक घोट घेतला. कपाळावर घाम आला होता. मग त्या बाईनं तांब्या माझ्याकडं केला. "मला तहान नाही," मी म्हणालो. भर उन्हात तीन कोस चालून आलो होतो.

त्यानंतर दर गुरुवारी पेशकार आठवड्याचे पेपर काखेत मारून त्या गावी जात. लाल पेन्सिलीच्या खुणा केलेले. वाचनालयातला वर्ग चिटणीसांनी बंद करवला. त्यांच्या घरी त्यांची बायको, आमच्या काकू, त्यांना अंगणातच उभं करून डोक्यावर पाणी ओतत आणि मग आत घेत. भिक्षुकांनी त्यांच्या घरच्या श्राद्धाला यायचं टाळलं. गावात लोक हसत, "पेशकार बाटायला निघाले." मी चोरून त्यांच्या घरी शिकायला जात असे, म्हणजे कुणाला दिसणार नाही अशा बेतानं. वर्षभरानं मी एकदा विचारलं, "आता सवय झाली असेल ना?"

"नाही," ते म्हणाले. "अजून दर वेळी घशाशी येते. इतकी वर्षं मुरलेली घाण आहे ती. मी गिळतो, एवढंच."

परीक्षा झाली. किसन आणि मी दोघंही पास झालो. यादीत किसनचं नाव माझ्या बरंच वर होतं. त्याची नेमणूक लांब विदर्भात झाली, त्यानं आईला तिकडं नेलं आणि तो परंड्याला परत आला नाही. पेशकारांना त्यानं पत्र टाकल्याचंही कधी ऐकलं नाही. मला त्याचा राग यायचा. म्हाताऱ्यानं ह्याच्यासाठी गाव अंगावर घेतलं आणि ह्याला दोन ओळी लिहिता येत नाहीत, असं मी काकूंसमोर बोललोही. काकूंनी मान डोलावली. पेशकार मात्र म्हणाले, "त्यानं का लिहावं?" आणि पेपरात डोकं घातलं.

ते साठच्या दशकात गेले. शेवटचे काही दिवस मी रजा काढून जवळ होतो. दिसत नव्हतं, म्हणून मी पेपर वाचून दाखवायचो आणि ते नाक आक्रसायचे. एका सकाळी त्यांनी मला मध्येच थांबवलं, "कुठल्या तारखेचा?" असं विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी डोळे मिटले ते उघडले नाहीत.

मी किसनला त्याच्या कचेरीच्या पत्त्यावर कळवलं. पत्रात थोडा उपदेशही केला. पेशकारांनी तुझ्यासाठी काय सोसलं ते विसरू नकोस, असं काहीसं. आठ दिवसांनी त्याचं कार्ड आलं. अक्षर सुंदर होतं.

"पेशकारसाहेब गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांनी मला पेपर वाचायला शिकवलं, हे मी विसरलेलो नाही. पण दर गुरुवारी ते आमच्या घरी पाणी पीत, तेव्हा आम्ही मायलेक समोर उभे असू. त्यांना पाणी गिळताना किती कष्ट होतात ते आम्हाला दिसे. माझी आई बुधवारीच तो तांब्या तीन-तीनदा घासून ठेवायची, तरी गुरुवारी सकाळी पुन्हा एकदा घासायची. आपल्या हातचं पाणी पिताना कुणाला ओकारी येते हे दर आठवड्याला बघणं काय असतं, ते तुम्हाला कळणार नाही. ते गिळत होते हे खरं आहे. आम्हीही गिळतच होतो. तुमच्या पत्रात ते कुठं नव्हतं, म्हणून लिहिलं."

कार्डावर उत्तरासाठी पत्ता होता. मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा नमस्कार लिहून कागद फाडला. पुढं माझी सगळी नोकरी लोकांचे अर्ज वाचण्यात गेली. ते कार्ड मात्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही, पेशकारांच्या घरीसुद्धा नाही.