बहिणीसोबत आलेल्या सहा जणी

चार वर्षं झाली, दर दोन महिन्यांनी मी अकोल्याहून अमरावतीला मनाच्या डॉक्टरकडे जाते. असे डॉक्टर अकोल्यातही आहेत. पण त्यांच्या जिन्यावर आमच्या अपार्टमेंटमधलं कुणी भेटलं तर? म्हणून दोन तासांची एसटी आणि तोंडाला घट्ट स्कार्फ. वऱ्हाडात उन्हाचं निमित्त बारा महिने चालतं. शेजारणींना सांगितलं, अंबादेवीच्या दर्शनाला जाते. तिथेच चुकलं. पुढच्या खेपेपासून तिघींनी खण-नारळ हातात ठेवायला सुरुवात केली, "आमचीही ओटी भरून द्या." तेव्हापासून आधी डॉक्टर, मग तीन ओट्या, मग परतीची गाडी. गोळ्या कॅल्शियमच्या डबीत. नवऱ्याला ठाऊक होतं, पण त्यानंही कुठे तोंड उघडलं नाही.

धाकटी बहीण अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यात असते. सासरी भाजीपाल्याचं वावर. गेल्या वर्षी तिची झोप गेली, मग भूक गेली, मग वेणी घालणंही राहिलं. फोनवरच मला कळलं, हे माझंच दुखणं. फरक इतकाच की तिचं आठ दिवसांत गावभर झालं. सासूनं एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगितलं. मग दृष्ट काढली, अंगारा लावला, दर्ग्यावरचा धागा बांधला. मधल्या जावेनं "नाटकं हायेत" असंही म्हणून घेतलं. यात दहा महिने गेले. मला दुसऱ्या महिन्यात गोळी मिळाली होती. मी तिला फोनवर म्हणायचे, डॉक्टरकडे जा. का, ते सांगत नव्हते.

शेवटी तिला न्यायला मीच गेले. संध्याकाळची वेळ. अंगणात गल्लीतल्या बाया सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. बहिणीला मधोमध बसवलेलं. मांडीवर सांबार, हात मात्र हलत नव्हते. शेजारची बाई आपली एक जुडी बांधायची, दुसरी तिच्या मांडीवरून उचलून बांधायची आणि बहिणीच्याच ढिगात ठेवायची. बोलणं चाललं होतं कुणाच्या तरी म्हशीचं. मी बघत उभी राहिले आणि जळले. दुसरा शब्द नाही. बहीण आजारी आणि मी जळत होते. मी आजारी होते तेव्हा समोरच्या दारातली बाई माझ्याशी कचऱ्याच्या गाडीच्या वेळेपलीकडे काही बोलली नव्हती. बोलणार तरी काय? तिला माहीतच नव्हतं.

"उद्या अमरावतीले चाल," मी बहिणीला म्हटलं.

"मी नाही येत. तिथं पागल जातात."

"कोनं सांगतलं?"

"साऱ्याईले मालूम हाय. तुले काय समजते बाई? तुले झालं असतं त समजलं असतं."

तेवढ्यात सासूनं माझ्या उघड्या पिशवीतली डबी पाहिली. "मोठ्या बाई, एक कॅल्शियमची गोळी द्या ना. गुडघे लय दुखून राहिले."

गोळी देता येत नव्हती, आणि नाही म्हणायला कारणही सुचेना. "ते कॅल्शियम नाही," मी म्हटलं. "हिच्याच दुखण्याची हाय. चार वर्सं झाले, मीच घेतो."

जुड्या थांबल्या. सासूला भलतीच काळजी. "अन् अंबादेवीले जातो म्हनत होत्या? म्या ओटी पाठोली होती ते?"

"भरली ना."

"मंग ठीक हाय."

बाया हसल्या. बहीण हसली नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले मालूम होतं का हे गोळीनं बरं वाटते? अन् मले धागे बांधू देल्ले?"

मी डबी तिच्या हातात ठेवली.

"कितीक वाजता जा लागते?" तिनं विचारलं.

सकाळी भाजीच्या टेम्पोत तिच्यासोबत सहा बाया चढल्या. दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "पेशंटसोबत कोण?" तर सहाही उभ्या राहिल्या. सासूनं शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सगळी हकिगत ऐकवली. भाकर-ठेच्याची शिदोरी सोडली. समोरच्या बाकावर स्कार्फ बांधलेल्या दोन बाया भिंतीकडे तोंड करून बसल्या. माझाही स्कार्फ सवयीनं बांधलेलाच होता.

"तुह्यासंगं कोन येत जाय वं?" बहिणीनं हळूच विचारलं.

"कोनी नाही."

तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. स्कार्फ बांधून खाता येत नाही. मी सोडला.

ती आता झोपते, जुड्या बांधते, जावेशी भांडते. अजूनही तिच्यासोबत कुणी ना कुणी येतंच. मी दवाखान्याच्या दारात भेटते. अकोल्यात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या खेपेला चौथ्या मजल्यावरचीही खण-नारळ घेऊन आली. घेतला.